ढ

देवनागरीतल्या अक्षरांत मला 'ढ'विषयी विशेष कणव आहे. जाणते सांगतात, अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीपासून बाकीच्या अक्षरांनी नाना रूपे पालटली. 'ढ' मात्र होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही, त्या मुलाला आपण 'ढ' म्हणतो. अक्षराला ते सोसते. मुलाला सोसत नाही.

गंमत अशी, की वर्गात मागे पडणाऱ्या या मुलांतली काही जगात मात्र वेळेआधीच आलेली असतात! ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या अशा मुलांना आपल्या आज्या सातमाशी, आठमाशी म्हणत. सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही, ही त्यांचीच समजूत. खरे तर पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या हिताचा. त्या अखेरच्या दिवसांतच मेंदू झपाट्याने वाढतो, त्याला घड्या पडतात. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. त्यांतली पुष्कळ पुढे चारचौघांसारखी शिकतात. काहींना मात्र अक्षर वळत नाही, बेरजेतला हातचा राहून जातो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला. बाराव्या वर्षी ती लेखनात आणि गणितात अडखळताना दिसली.

पण सारा दोष अपुऱ्या आठवड्यांचा कसा म्हणावा? आईचे शिक्षण आणि घरची मिळकत यांचाही वाटा देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरी डॉ. एडगर रे यांनी १९७८च्या सुमारास बाळाला आईच्या उराशी बांधून ऊब देण्याची रीत सुरू केली. तिला महागडे यंत्र लागत नाही. लागते ती आईची सवड. आणि गरिबाघरी सवडीइतकी महाग वस्तू दुसरी नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. २०१७च्या कायद्याने नोकरदार बाईला बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. उसाच्या फडात रजा म्हणजे खाडा, आणि अंगावरची उचल तशीच. दिवस गेलेले असताना मोळ्या वाहणारी आणि बाळंत होऊन लवकरच कोयता धरणारी आई बाळाशी बोलणार केव्हा? पुढे मुलाची शाळाही गाव आणि कोपी यांच्यामध्ये अर्धीमुर्धी राहते. २०१६च्या कायद्याने अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली खरी, पण सवलतींसाठी दाखला हवा. दाखल्यासाठी शहरातल्या रुग्णालयाच्या खेपा, आणि दर खेपेला बुडालेली मजुरी.

सुखवस्तू घरातले असेच मूल आजीबरोबर पणत्या मोजता मोजता अंक शिकते. अडलेच तर शिकवणी लागते. 'जरा सावकाश शिकतो,' असे आपण कौतुकाने सांगतो. कोपीतल्या मुलाला मात्र तेच एक अक्षर!

पोटातले राहून गेलेले आठवडे कोणाला परत देता येत नाहीत. पण पोटभर अन्न, आईला विसावा, कानावर चार गोष्टी आणि धीर धरणारा मास्तर, एवढे देता येते. आणि कोवळा मेंदू त्यानेही घडत जातो. जे वर्षानुवर्षे बदलत नाही त्याला 'ढ' म्हणायचे असेल, तर ते नाव मुलाला द्यावे की आपल्या रीतीला?