छकुलीचा दात आणि ओली फरशी



मागच्या वेळी उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांबद्दल लिहीन असं म्हटलं होतं. पण ते आज राहू दे. आज आमच्या छकुलीच्या दाताबद्दल सांगायचं आहे, आणि दाताच्या निमित्ताने माझ्याबद्दलही.

फाल्गुनातली गोष्ट. छकुली तेव्हा एकवीस महिन्यांची होती. आपल्या घरांमध्ये संध्याकाळी पाच ते साडेसहा काय धांदल असते ते तुम्हाला सांगायला नको. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची ताटं झाली पाहिजेत. त्यातच त्या दिवशी माझ्या हातून ओट्यावरचं ताक सांडलं. मी घाईघाईने फरशी पुसली, पण कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायचं राहिलं. कुकरची शिट्टी झाली आणि मी तिकडे वळले. सासूबाई छकुलीला घेऊन सोप्यात बसल्या होत्या. ती त्यांच्या हातातून सुटली, "आई" म्हणत स्वयंपाकघरात धावत आली आणि घसरून थेट उंबऱ्याच्या दगडावर तोंडावर आपटली.

रक्त बघून माझे हातपाय गळाले. ओठ फुटला की केवढं रक्त येतं! सासूबाईंनी तिला उचललं, माठातल्या पाण्यात धुतलेलं फडकं भिजवून ओठावर धरलं. आमच्याकडे बर्फ करत नाहीत, त्यामुळे फडकंच. रक्त थांबल्यावर पाहिलं, तर वरच्या मधल्या दोन दातांपैकी एकाचा कोपरा गायब.

आणि मी सासूबाईंना म्हणाले, "एवढं एक लेकरू सांभाळता येत नाही का तुम्हाला? लक्ष कुठे होतं?"

लग्नाला सात वर्षं झाली. या स्वरात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. छकुलीला खांद्यावर घेऊन त्या अंगणात फेऱ्या मारत राहिल्या, हळू आवाजात णमोकार म्हणत. मी फोनवर ह्यांना बोलावत होते, शेजारच्या काकू मध लाव, लवंगेचं तेल लाव असं सुचवत होत्या. मध आपल्याकडे वर्ज्यच, आणि लवंगेचं तेल मी सुदैवाने लावलं नाही. या सगळ्यात कधी दिवस मावळला कळलंच नाही. झाकून ठेवलेलं सासूबाईंचं ताट तसंच राहिलं. त्यांचा रात्री पाणीसुद्धा न घेण्याचा नियम आहे, माझं लग्न व्हायच्या आधीपासूनचा.

रात्री छकुली दुखण्याने उठली. बालरोगतज्ज्ञांनी फोनवर सांगितलेलं तापाचं पातळ औषध मी मापून दिलं. तिला मांडीवर घेऊन चमचा धरला तो सासूबाईंनीच. स्वतःच्या घशाला कोरड पडलेली, पण तिला घोटघोट पाणी पाजत होत्या. मला ते दिसत होतं. तरीही "आई, माफ करा" हे तीन शब्द बाहेर पडले नाहीत. कारण ते म्हणायचे तर फरशीचंही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बस्तीत दर्शन घेऊन आल्या, मगच पाणी प्यायल्या. आणि आम्ही जयसिंगपूरहून सांगलीला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुटलेला तुकडा सापडला का?" कधी कधी तो ओठात रुतून बसतो म्हणे, म्हणून विचारावं लागतं. मी नाही म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंनी बटव्यातून कागदाची पुडी काढली. आत तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा. आम्ही झोपल्यावर बॅटरी घेऊन, गुडघ्यांवर बसून त्यांनी तो शोधला होता. गुडघेदुखीमुळे ज्या बस्तीतही खुर्चीवर बसतात, त्यांनी.

दुसरा प्रश्न, "पडली कशी?"

"माझ्या हातून सुटली," सासूबाई लगेच म्हणाल्या.

आता मात्र मला राहवेना. "नाही डॉक्टर, फरशी ओली होती. मी पुसली आणि कोरडी केली नाही."

डॉक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्या एक्स-रे बघत होत्या. माझे कान मात्र तापले होते. लहानपणी पाठशाळेत 'प्रमाद' हा शब्द घोकला होता. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. परीक्षेत त्याचा अर्थ बरोबर लिहून मार्क मिळवले होते. माझा प्रमाद एका फडक्याएवढा होता, पण तो लपवायला मी क्रोध पुढे केला आणि तो दुसऱ्याच्या पदरात टाकला. दात तर नकळत तुटला. बोलले ते मात्र मी कळून सवरून.

डॉक्टरांनी सांगितलेलं थोडक्यात लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. छकुलीच्या दाताचा वरचा थरच तुटला होता, आतली नस उघडी पडली नव्हती. म्हणून त्यांनी फक्त टोकदार कड घासून गुळगुळीत केली. दुधाच्या दाताच्या मुळाशीच पक्क्या दाताचा अंकुर असतो, त्यामुळे "दुधाचाच तर दात, पडणारच आहे" म्हणून दुर्लक्ष करू नये. पुढचे काही महिने लक्ष ठेवायचं: दात करडा पडतो का, हिरडीवर फोडासारखं काही येतं का, सूज किंवा ताप आहे का. रंग बदलला तरी घाबरायचं नाही, पण दाखवायचं. मऊ ब्रशने तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन दोन वेळा दात घासायचे. लवंगेच्या तेलाने लहान मुलांची हिरडी भाजते, ते लावू नये. आणि दुधाचा दात मुळासकट निघाला तर तो परत बसवायचा नाही. पक्का दात निघाला तर मात्र मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून ताबडतोब दवाखाना गाठायचा.

"आठ-दहा दिवस मऊ खायला द्या. गाजर, मुळा असलं कडक काही चावायला नको," असं त्या म्हणाल्या, तेव्हा सासूबाई हसल्या. "ते आमच्या घरात येतच नाही हो!" कालपासून पहिल्यांदा हसल्या होत्या.

परतताना गाडीत छकुली त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी म्हणाले, "आई, माझं चुकलं. काल तुम्ही माझ्यामुळे उपाशी राहिलात."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "फरशीचं मला माहीत होतं," म्हणाल्या. "तिला उचलायला धावले तेव्हा माझाही पाय सरकला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू घाबरली होतीस. दोघींनी ओरडून काय झालं असतं?"

दरवर्षी दशलक्षण पर्वात पहिल्या दिवशी उत्तम क्षमेवर प्रवचन ऐकते. क्षमावाणीला सगळ्या गावाला हात जोडते, फोनवर शंभर निरोप पाठवते. त्या शंभरांत ज्यांना खरंच दुखावलं असे किती असतात? आणि ही चूक झाली फाल्गुनात. भाद्रपदाची वाट बघितली असती तर सहा महिने एकाच स्वयंपाकघरात ती ओली फरशी आम्हा दोघींच्या मध्ये राहिली असती.

आता छकुली सव्वादोन वर्षांची आहे. दात जरा पिवळसर दिसतो, बाकी ठीक आहे. ती हसली की तो तिरपा कोपरा दिसतो. सहा-सात वर्षांची होईल तेव्हा तो दात पडेल, तोवर मला आठवण राहील.

ओट्याशेजारी खिळ्याला एक कोरडं फडकं टांगलंय. सासूबाई त्याला "छकुलीचं फडकं" म्हणतात. पापड-कुरडयांचं पुढच्या वेळी नक्की.

जय जिनेंद्र.