खिडकीपाशी खाचरातले मासे

जोडीदार गेल्यावर सकाळी उठावे कशासाठी, हेच कळत नाही, असे अनेक वृद्ध मला सांगतात. तेही रक्तदाब मोजून झाल्यावर, बाहीचे बटण लावता लावता. त्यावर माझ्यापाशी गोळी नाही. अशा काही घरांना मी अलीकडे मेडाका हे जपानी मासे सुचवतो.

जपानच्या भातखाचरांत राहणारा हा मासा जेमतेम दीड इंचाचा. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘ओरायझियास’ हा शब्द भाताच्या ‘ओरायझा’ या नावावरूनच आला आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही त्याचा एक इवलासा, पारदर्शक नातलग आढळतो. कुलकर्णी या संशोधकांनी १९४० मध्ये त्याचे वर्णन केले. खाचरातले पाणी थंडीत गारठते आणि उन्हात तापते. मेडाका दोन्ही सोसतो, म्हणून त्याला हीटर लागत नाही. थरथरत्या हातांच्या घरात पाण्यातली विजेची वस्तू नसणे, हे मला वैद्य म्हणून अधिक मोलाचे वाटते.

पाणी उबदार आणि दिवस मोठा असला की मादी अंडी घालते, बहुधा पहाटे. आपल्याकडे दिवस जपानइतका लांबत नाही. तेव्हा टाकीबाहेर दिवा लावून उजेड तेरा-चौदा तासांवर न्यावा. ज्यांची झोप पहाटेच मोडते, त्यांना मादीच्या पोटाखाली लोंबणारा अंड्यांचा घोस दिसेल. पुढे ती तो पाणवनस्पतींना चिकटवते. ती फांदी वेगळ्या भांड्यात ठेवावी, कारण आईबापच पिल्ले खातात! पंचवीस अंश तापमानात सुमारे दहा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. तत्पूर्वी भिंगातून पाहा: कवचाआड दोन काळे डोळे आणि धडधडणारे हृदय स्पष्ट दिसते. १९९४ मध्ये कोलंबिया यानातून गेलेल्या मेडाकांची पिल्ले अंतराळातही जन्मली होती.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, पाणी बदलण्याचे काम आपल्याकडे घ्या. दहा लिटरची बादली दहा किलोची असते, आणि सांडलेल्या पाण्यावर घसरून खुब्याचे हाड मोडते. हाताला जखम असल्यास टाकीत हात घालू नये; एरवीही नंतर साबणाने धुवावेत. वाढलेले मासे विहिरीत वा ओढ्यात सोडू नयेत.

विस्मरण असणारी व्यक्ती माशांना दोनदा, तीनदा खाऊ घालते आणि पाणी नासते. त्यासाठी सात कप्प्यांची डबी आणून त्यात रोजची चिमूट भरून ठेवा. मात्र तिचा रंग गोळ्यांच्या डबीहून वेगळा असू द्या, आणि ती टाकीशेजारीच ठेवा.