रायपूरच्या वाफ्यावरचा पेंढा

छत्तीसगडच्या मैदानातून पाऊस ऑक्टोबरात माघारी जातो आणि पुढचे महिने बहुतेक कोरडेच जातात. म्हणून रायपूरमध्ये हिवाळ्यासाठी वाफे तयार करणे म्हणजे थंडीपासून बचाव करण्यापेक्षा जमिनीत मुरलेली ओल राखणे होय. त्यासाठी मातीवर पालापाचोळ्याचा किंवा पेंढ्याचा जो थर पसरतात, त्याला आच्छादन म्हणतात.

तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीत वाढलेल्या माणसाच्या आयुष्यात भाताचा पेंढा, म्हणजे तिथला पैरा, बागेच्या कितीतरी आधी येतो: लहानपणी आंब्याच्या अढीत, संसार मांडताना काचसामानाच्या खोक्यात, आणि उतारवयात परसातल्या वांगी-टोमॅटोच्या वाफ्यावर. घर बदलले की मातीही बदलते. कन्हार ही काळी, चिकण माती वाळताना भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते, तर भाटा ही तांबडी, मुरमाड जमीन पाणी धरतच नाही. तरीही दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे चांगले कुजलेले खत, कारण ते कन्हारीत कणांची रवाळ घडण करून हवेला वाट देते आणि भाट्यात ओल धरून ठेवते. कन्हार भुसभुशीत व्हावी म्हणून तीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तेवढ्याने काही साधत नाही.

कुजवणे हेही शास्त्रच आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली आणि 1931 साली ती पुस्तकरूपाने मांडली. कच्चा पेंढा मातीत मिसळला, तर त्यात कर्ब फार आणि नत्र थोडे असल्यामुळे तो कुजवणारे जीवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात; म्हणूनच खत खाली आणि पेंढा वर, हा क्रम मोडू नये. जानेवारीच्या दुपारी हा थर उचलून पाहावा: खाली काळीशार, दमट माती, तीत बुरशीचे पांढरे तंतू आणि गांडुळांची रवाळ विष्ठा दिसते, तर वीतभर पलीकडची उघडी माती पापुद्रा धरून तडकलेली असते.

कापणी यंत्राने होऊ लागल्यापासून पुष्कळसा पेंढा शेतातच जाळला जातो, ही खरोखर हळहळ वाटावी अशी नासाडी आहे. 2020 साली राज्याने गोधन न्याय योजनेखाली 2 रुपये किलोने शेण विकत घेऊन गांडूळखत करवले. शेणाला मिळाले ते मोल पेंढ्यालाही मिळायला हवे. वाफ्यावर तो चार बोटे जाड पसरावा, मात्र रोपाच्या बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी सोडावी, कारण सततच्या ओलीने बुंधा कुजतो आणि वाळवीलाही तिथेच आसरा मिळतो.