पगार किती, हे शेवटी विचारा

आपल्याकडे मुलगी नोकरीला लागली, की पहिला प्रश्न असतो, ‘पगार किती?’ मीही तोच विचारला होता. त्याची किंमत आमच्या घराने मोजली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

आम्ही सेलू तालुक्यातले कास्तकार. थोरली संगणकाचे शिक्षण घेऊन 2022 साली पुण्याला, हिंजवडीच्या एका लहान कंपनीत लागली. काचेची इमारत, न्यायला-आणायला गाडी. ‘आपण सारे एक कुटुंब’ असे साहेबांनी सांगितले, दोन वर्षांचा करार लिहून घेतला आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. आम्हाला त्यात वावगे वाटले नाही.

दिवाळीला ती घरी आली, तेव्हा ओवाळणीच्या वेळीही मांडीवर संगणक होता. चूक झाली की सर्वांसमोर नाव घेऊन बोलत. फोनवरचा तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मी म्हणत राहिले, ‘पगार चांगला आहे, सोस थोडे.’ हे वाक्य मला आजही टोचते. चौदा महिन्यांनी तिने नोकरी सोडली. करार मोडल्याबद्दल त्या सालच्या कापसाचे निम्मे पैसे भरले, तेव्हा कागद हाती आले.

त्या रात्री मला आमचा जुना सालगडी आठवला. एका पाडव्याला तो कमी पैशावर शेजाऱ्याकडे गेला होता. मी कारण विचारले, तर म्हणाला, ‘‘काकू, पैशे तुमच्या इथंच जास्त हाये, पण तिकडं भाकर येळेवर येते.’’ उशीर मीच करत होते. वाचकहो, जे गड्याला कळले होते, ते मला माझ्या लेकीच्या बाबतीत कळले नाही.

दुसऱ्या कंपनीत पगार थोडा कमी होता. तिथे महिनाभरातच तिच्या हातून चूक झाली आणि ग्राहकाचे काम दोन तास बंद पडले. ती रडकुंडीला आली. पण वरिष्ठ शेजारी बसले, आधी काम सुरू केले, मग सर्वांनी मिळून चूक कुठून शिरली ते शोधले. तिचे नाव कागदावर आले नाही. पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करायचे, तेवढे आले. रात्रीचे काम तिथेही असते, पण पाळीने, आणि दुसऱ्या दिवशी सुटी मिळते.

तेव्हा तुमची मुले निघाली, तर त्यांना एवढे सांगा. मूळ कागद दाखवावे, प्रत द्यावी, स्वाधीन करू नयेत. मुलाखतीत आपणही विचारावे: माझ्या जागी आधी कोण होते, ते का गेले? मागची मोठी चूक झाली तेव्हा काय केले? सोडून गेलेल्या एकदोघांशी बोलावे; इमारत सांगत नाही ते माणूस सांगतो. भविष्यनिर्वाह निधी दरमहा भरला जातो का, ते आपल्या खात्यात पाहावे. मुलींनी विचारावे, 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का? दहा माणसे असतील तिथे ती असलीच पाहिजे. बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून कायद्यात आहे. ती खरोखर कुणी घेतली का, हेही विचारावे.

इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, असे म्हटले आणि देशभर वाद झाला. पेरणीच्या दिवसांत आपणही तास मोजत नाही. पण ते वावर आपले असते, आणि पेरणी संपते. जिथे बारा महिने पेरणीच चालते, तिथे बैलसुद्धा टिकत नाही.

यंदाच्या पाडव्याला नव्या गड्याचे साल ठरत होते. मी विचारले, ‘‘आधीच्या घरून का निघालास?’’ त्याने सांगितले. मग म्हणाला, ‘‘मीबी तुमच्या जुन्या गड्याले विचारून आलो, काकू. थो म्हणे, आता तिथंबी भाकर येळेवर येते.’’