अब्बांचा अँप्लिफायर

दारव्ह्याच्या आमच्या घरात, बसायच्या खोलीत, सागवानी कपाट आहे. त्याच्या मधल्या कप्प्यात रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर, खालच्या कप्प्यात तबकड्या. हबीब पेंटर, अझीज नाझाँ, बेगम अख्तर आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या दोन. आम्ही तिघे भावंडे लहान असताना या कपाटाला हात लावायची आम्हांला मनाई होती. तबकडीवर सुई ठेवण्याचा हक्क फक्त अब्बांचा.

हा अँप्लिफायर अब्बांनी १९८४ साली नागपुरात सीताबर्डीवर घेतला. ते दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. त्या वर्षी कापूस चांगला आला होता, हंगाम लांबला आणि हातात चार पैसे जास्त आले. अम्मीला वाटत होते की त्यातून छपराचे टिन बदलावे. अब्बा अँप्लिफायर घेऊन आले. नागपूरहून एसटीने यवतमाळ आणि यवतमाळहून आमच्या शकुंतला रेल्वेने दारव्हा. तेव्हा तिला वाफेचे इंजिन होते. डिझेलचे १९९४ साली आले आणि आता तर गाडीच बंद आहे. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी घातलेल्या त्या रुळांवरून अब्बांनी मांडीवर खोके धरून गाणे घरी आणले. टिनाचे छप्पर पुढे तीन पावसाळे गळत राहिले. अम्मी आजही हे ऐकवते.

काही वर्षांपूर्वी अब्बांची तक्रार सुरू झाली. "आवाज साफ नहीं रे. बोल समझ में नहीं आते." ते आवाज वाढवायचे. शेजारचे काका भिंतीवर थाप मारायचे. अब्बा आवाज कमी करायचे, थोडा वेळ बसायचे आणि मग बंदच करून टाकायचे. हळूहळू कपाट उघडणेच कमी झाले. आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या उरुसात कव्वाली ऐकायला जाणे हा त्यांचा दरवर्षीचा नेम होता, तोही मोडला. "आजकल के कव्वाल मुँह में ही गाते हैं," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

आम्ही ठरवले की अब्बांना नवा अँप्लिफायर घेऊन द्यायचा. तिघांनी मिळून ४०,००० रुपये बाजूला काढले. थोरला भाऊ दारव्ह्यालाच शिक्षक, बहीण यवतमाळला, धाकटा पुण्याला नोकरीला. खरेदीचे काम अर्थातच धाकट्याकडे गेले. त्याला या गोष्टींचा नाद आहे.

रमजानच्या सुट्टीत तो आला, तो माहितीचे कागद घेऊनच. इफ्तारनंतर आमची बैठक बसे. इंटिग्रेटेड अँप्लिफायर म्हणजे काय, हे आधी त्याने आम्हांला समजावले. बारीक आवाजाची निवड आणि सांभाळ करणारा भाग आणि स्पीकरला ताकद देणारा भाग एकाच डब्यात. यामाहाचा ए-एस ३०१ एका बाजूला ६० वॉट देतो. मरांट्झचा पीएम ६००७ आणि डेनॉनचा पीएमए ६००एनई प्रत्येकी ४५ वॉटचे, पण डेनॉनमध्ये ब्लूटूथ आहे, म्हणजे मोबाइलवरची कव्वालीही लावता येईल. आमचा जुना बिचारा २० वॉटचा. थोरला म्हणाला, "मग यामाहाच घेऊ. तिप्पट ताकद."

धाकट्याने मान हलवली. वॉट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटावा असा आवाज हवा असेल तर ताकद सुमारे दहापट लागते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, नेहमीच्या आवाजात, स्पीकर एक-दोन वॉटसुद्धा पुरते खात नाही. वीस वॉट काय आणि साठ काय, अब्बांच्या खुर्चीपर्यंत फार फरक पोहोचणार नाही. हे ऐकून थोरल्याचा विरस झाला. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगले, हा आमच्या बाजाराचा नियम.

दुसरा घोळ सुईचा निघाला. नव्या अँप्लिफायरला मागे 'फोनो' नावाची जागा असते. ती चुंबकाच्या कार्ट्रिजसाठी. तिच्यातून साधारण पाच मिलिव्होल्ट एवढाच क्षीण प्रवाह येतो आणि तो आधी वाढवावा, सावरावा लागतो. अब्बांच्या प्लेअरला जुन्या पद्धतीचे सिरॅमिक कार्ट्रिज. ते शेकडो मिलिव्होल्ट देते. ते फोनोत जोडले तर आवाज फाटून जाईल. जोडायचे ते साध्या 'ऑक्स'मध्ये. म्हणजे ज्या सोयीसाठी जास्त पैसे मोजायचे, ती आमच्या उपयोगाचीच नव्हती. नवे घ्यायचे तर प्लेअरही बदलावा लागेल, मग स्पीकरही. एक खिळा बदलायला गेलो तर अख्खे दार उतरवावे लागते, तशी गत.

म्हणून आधी जुने मशीन गावातल्या मेकॅनिककडे नेले. त्याने झाकण उघडले, चाळीस वर्षांची धूळ फुंकली आणि म्हणाला, "चाचा, मशीन मजबूत हाय. कंडेन्सर वाळले, ते बदलतो. अन् हे आवाजाचं बटन धुवून देतो." आमच्याकडे व्होल्टेज कधी १८० वर उतरते, कधी चढते, तरी मशीन टिकले याचे त्याला कौतुक वाटले. चार दिवसांनी अँप्लिफायर घरी आला. पूर्वीची घरघर गेली, खरखर गेली. आम्हांला तर तो नवाच वाटला.

अब्बा ऐकून म्हणाले, "वही है. साफ नहीं."

तेव्हा धाकट्याने शेवटचा उपाय केला. ईदला येताना त्याने स्वतःचा अँप्लिफायर पुण्याहून उचलून आणला. घेण्याआधी घरात, आपल्याच स्पीकरवर, आपल्याच माणसाला ऐकवून पाहावे, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. शिरखुर्मा झाला, मिळायला येणारे लोक येऊन गेले आणि दुपारी आम्ही सगळे कपाटासमोर बसलो. अझीज नाझाँची कव्वाली लागली. ढोलक, हार्मोनियम आणि त्यावर कोरसची टाळी, अशी खणखणीत की बहिणीची छोटी मुलगीही टाळ्या वाजवू लागली.

अब्बा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि नातीच्या हातांकडे पाहून विचारले, "ये ताली किस पर बजा रही है?"

कोणी काही बोलले नाही. तबकडी फिरत राहिली.

बहिणीच्या लक्षात मग एकेक गोष्ट येत गेली. थोरल्याचा आवाज जड, त्याचे बोलणे अब्बांना कळते. तिचे आणि नातीचे कळत नाही, त्यांना दर वाक्याला "क्या?" ऐकावे लागते. मोबाइल वाजतो, ते उचलत नाहीत. आम्ही समजत होतो, वयामुळे हट्टी झाले आहेत. फोनवर बोलायला नको म्हणतात, लग्नाला गेले तर कोपऱ्यात बसतात. अम्मी म्हणाली, "मैं तो कब से बोल रही. पर मेरी सुनता कौन है?" त्या घटकेला हसावे की काय करावे ते आम्हांला समजेना.

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही अब्बांना घेऊन गेलो. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवले. आवाज आला की बटन दाबायचे. काचेतून आम्हांला त्यांचा अंगठा दिसत होता. सुरुवातीला तो पटापट हलला. मग हलायचा थांबला. आम्हांला वाटले, झोप लागली. तपासणाऱ्या बाईंनी कागद समोर ठेवला. जाड, खालच्या सुरांपर्यंत रेघ बरी चालली होती. ३००० हर्ट्झच्या पुढे ती विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो कानाचा नव्हता. "बाबा काम काय करायचे?"

"जिनिंगमध्ये."

"मग बरोबर."

आमच्यापैकी ज्यांनी जिनिंग पाहिले नाही त्यांना सांगायला हवे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना आमच्याकडे रेचे म्हणतात. एका शेडमध्ये असे रेचे ओळीने उभे असतात आणि हंगामात ते रात्रंदिवस चालतात. शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरली होती. त्याहून वाढला तर कानाला संरक्षण द्यावे, असे कागदावर होते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून लिहिलेला होता. अब्बांनी बत्तीस हंगाम काढले, कानात रुईचा बोळा घालून. रुई मात्र तिथे भरपूर होती.

अशा गोंगाटाने आतल्या कानातले बारीक केस मरतात आणि पुन्हा येत नाहीत. आधी जातात ते ४००० हर्ट्झच्या आसपासचे, उंच सुरांचे. स, श, फ, त ही अक्षरे तिथेच राहतात आणि कव्वालीच्या टाळीची धारही तिथलीच. आवाज वाढवला की ढोलक डोक्यात आदळते. शब्द मात्र पुसटच राहतात. साठ वॉटचा अँप्लिफायर आणला असता तर त्याने हेच केले असते, फक्त जास्त जोरात.

परतीच्या एसटीत अब्बा खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती. घरी आल्यावर म्हणाले, "बहरा बोलेंगे लोग." त्या रात्री ते जेवले नाहीत. आम्ही तिघेही बराच वेळ जागे होतो. आमच्या तिघांच्या शाळेची फी, थोरल्याचे डी.एड., बहिणीचे लग्न आणि हे कपाटातले गाणेसुद्धा त्याच शेडमधून आले होते. ज्या आवाजाने गाणे घरी आणले, त्यानेच ते परत नेले, हे आम्हांला ४० वर्षांनी कळत होते.

४०,००० रुपये अँप्लिफायरसाठीच गेले, फक्त तो कानात बसणारा होता. अब्बा आठवडाभर नाही म्हणत राहिले. शेवटी धाकट्याने श्रवणयंत्र उघडून दाखवले. हा मायक्रोफोन, हा अँप्लिफायर, हा स्पीकर. सगळ्या सुरांना सारखा वाढवत नाही. जे सूर तुमच्याकडून गेले तेवढेच वाढवतो. फिटर माणसाला यंत्राची भाषा पटते. त्यांनी ते तळहातावर घेतले, चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, "कितने वॉट का है?"

सगळे एकदम ठीक झाले असे नाही. पहिले काही दिवस त्यांना भांड्यांचा आवाज सहन होईना. वर्तमानपत्राचे पान उलटले तरी दचकत. गाणे पत्र्यासारखे वाटे, कारण ही यंत्रे मुळात बोलणे कळावे म्हणून बांधलेली असतात. संगीतासाठी त्यात वेगळी मांडणी करून घ्यावी लागली, त्यासाठी यवतमाळच्या तीन चकरा झाल्या. गेलेले सगळे परत येणार नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. जुना अँप्लिफायर कपाटात आपल्या जागी आहे आणि आवाजाचे बटन आता निम्म्याच्याही खाली असते. शेजारचे काका थाप मारत नाहीत.

कोणी आता आम्हांला विचारले की घरच्या वडीलधाऱ्यांसाठी कोणता अँप्लिफायर घ्यावा, तर आम्ही आधी त्यांना कानाच्या तपासणीला नेण्यास सांगतो. मशीन नंतर. त्यातही वॉट मोजण्याआधी आपला प्लेअर कोणता, स्पीकर कोणते, खोली केवढी हे पाहावे. आणि आपल्याच घरात, ज्याच्यासाठी घ्यायचा त्यालाच ऐकवून घ्यावा. आम्ही तसे केले नसते तर अब्बांच्या समोर एक चकचकीत डबा असता आणि ते आमचे मन राखायला म्हणाले असते, हाँ, अब साफ है.

मागच्या जुम्म्याला दुपारी त्यांनी स्वतः कपाट उघडले. अझीज नाझाँची तीच तबकडी काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, सुई ठेवली. नात शेजारी बसली होती. थोड्या वेळाने आम्ही पाहिले तर अब्बांचा उजवा हात गुडघ्यावर टाळी धरत होता. एके ठिकाणी चुकला. नातीने त्यांच्याकडे पाहिले. अब्बांनी हात थांबवला, कान देऊन ऐकले आणि पुढच्या समेला पुन्हा धरला.

"आर्णी का उर्स कब है?" त्यांनी अम्मीला विचारले.