मत्राहच्या बाजारातून येताना

मस्कतचा मत्राह बाजार समुद्राच्या अगदी काठावर वसला आहे. समोर बंदर, एका बाजूस पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, पाठीशी उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गल्ल्यांचे जाळे. या गल्ल्यांत दिवसाही ऊन पोहोचत नसे, म्हणून जुने लोक याला ‘अंधाराचा बाजार’ म्हणत, असे सांगतात. दुपारी बहुतेक दुकाने मिटलेली असतात. उतरत्या उन्हात, पाचनंतर जावे. थंडीच्या दिवसांत इथे दोन तास रमतगमत सहज चालणे होते. वातानुकूलित मॉलमध्येही माणूस चालतो, पण तिथे दुकानदार हातावर वेलची चोळून वास घ्यायला लावत नाही.

मराठी माणसाला हा बाजार परका वाटत नाही. ओमानच्या रियालचे हजार भाग होतात आणि त्या भागाला म्हणतात ‘बैसा’. आपल्या पैशाचाच तो भाऊ. 1970 पर्यंत इथे रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चालत असे. कच्छचे भाटिया व्यापारी तर कित्येक पिढ्यांपासून येथे आहेत. निम्म्याअधिक दुकानांतून हिंदीत भाव करता येतो. मसाले, मुळ्या, साली, सुकी फुले विकणाऱ्याला अरबीत ‘अत्तार’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द सुगंधापुरता उरला. तिथे अत्ताराच्या दुकानात अजूनही निम्मा दवाखाना असतो. डॉक्टराचे पाय अडखळतात ते तिथेच.

या बाजाराचे वैभव म्हणजे लुबान. दक्षिणेकडील धोफार प्रांतात बोस्वेलिया सॅक्रा नावाच्या झाडाच्या सालीला छेद देतात. त्यातून पाझरलेला चीक वाळून त्याचे खडे होतात. ‘होजारी’ हा सर्वांत उंची प्रकार; फिकट, किंचित हिरवट झाक असलेला. आपल्या जंगलांतली सालई ही या झाडाची सख्खी बहीण. ओमानी लोक चांगल्या प्रतीचा लुबान रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी सकाळी पितात. पोटाला बरे वाटते असे ते सांगतात. परंतु त्यासाठी कोणी आपली नेहमीची गोळी बंद करू नये. धुराविषयी मात्र मी ठाम आहे. आखातातली घरे उन्हामुळे बंद असतात, आपल्या शहरांतली डासांमुळे. अशा कोंदट खोलीत लुबान असो, बखूर असो वा आपला ऊद, धूर तो धूरच. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तर खडे वाटीत नुसते ठेवावेत. मंद सुवास तसाही येतो.

अशाच एका दुकानात पुण्याच्या एक आजी भेटल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांकरता आल्या होत्या. हाती चांदीच्या नक्षीची इवलीशी कुपी होती, आत चकचकीत काळी पूड. नातवासाठी सुरमा.

“आजी, हा बाळाच्या डोळ्यांत घालणार?”

“घालणार तर! आमच्या चार पिढ्या काजळ घालूनच मोठ्या झाल्या.”

“तुमचे काजळ दिव्याच्या काजळीचे. हा दगड कुटून केलेला आहे.”

भेद एवढाच, पण फार मोठा आहे. पारंपरिक सुरम्याच्या पुष्कळ नमुन्यांत गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज सापडले आहे. बाळ डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. लहान मुलांच्या शरीरात ते प्रौढांच्या चार ते पाच पट शोषले जाते. रक्तक्षय, पोटदुखी, चिडचिड ही लक्षणे दिसली तर दिसली; बहुधा काहीच दिसत नाही आणि वाढत्या मेंदूची हानी होत राहते. शिशाची अमुक पातळी निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. ‘शुद्ध’ किंवा ‘नैसर्गिक’ या चिठ्ठीवर जाऊ नये. गॅलेनाही नैसर्गिकच आहे. कोणी आधीच वापरला असेल तर तो थांबवावा, बाळाचे हात-तोंड धुवावे आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

दिव्याची काजळीसुद्धा डोळ्यांत नको. तिने जंतुसंसर्ग होतो. आजींना मी म्हटले, दृष्टच काढायची तर तळपायाला तीट लावा. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कुपी मात्र घेते हो. रिकामी.” दुकानदाराने हसून पूड परत ओतून घेतली आणि भावही थोडा उतरवला.

खजुराबद्दल आमच्याकडचे मधुमेही नेहमी विचारतात. मध्यम आकाराच्या एका खजुरात चमचाभर साखरेइतकी साखर असते, सोबत थोडा चोथा. जेवणाऐवजी नव्हे तर जेवणानंतर खात असाल तर एकावर थांबा. ओमानी हलवा हा साखर, तूप आणि स्टार्च यांचा खेळ आहे; केशर-गुलाबपाण्याने तो बदलत नाही. वेलचीच्या बिनदुधाच्या काहव्यासोबत एक चमचा चाखावा, डबा बांधून घेऊ नये. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेल्या सुक्या मासळीपुढून जरा लवकर निघावे. जवळच्या मासळी बाजारात ताजी सुरमई मिळते, ती उत्तम.

मी स्वतः येताना पावशेर लूमी आणतो: मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात काळी होईपर्यंत वाळवलेली लिंबे. भोक पाडून एखादे आमटीत सोडावे, आमसुलासारखे. आंबटपणाच्या मागून किंचित धुरकट कडवटपणा येतो. लिंबात थोडे मीठ मुरलेले असते, तेव्हा आमटीत मीठ जरा बेतानेच घालावे आणि कडू बी लागू नये म्हणून लिंबू वाढण्यापूर्वी काढून टाकावे.