सारवायला कोण येणार?

आमच्याकडे जमिनीचे दोनच रंग धरतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. आंबेगाव तालुक्यातल्या पेठ गावात आमचं घर याच पांढरीत होतं. मागच्या पावसाळ्यात त्याची एक भिंत बसली. मग कौलं उतरवली, वासे रचून ठेवले आणि उरला मातीचा ढीग. चुलते म्हणाले, शेतात टाकू, खतच आहे ते. त्यात चूक काही नव्हतं. पांढरीची माती म्हणजे आधी पडलेल्या घरांच्या भिंती, राख, शेण, भुसा. पडक्या गढ्यांची माती लोकांनी अशीच शेतात नेली आहे.

मला त्या ढिगातून एक खोली उभी करायची होती. घरच्यांना स्लॅब हवा होता. शेवटी ठरलं असं की पुढे स्लॅबच्या खोल्या होतील आणि मागची एक खोली माझ्या हट्टाची.

माती, वाळू, काड आणि पाणी एकत्र तुडवायचं आणि त्या चिखलाचे गोळे थरावर थर रचत भिंत चढवायची. साचा नाही, वीट नाही, भट्टी नाही. इंग्लंडच्या डेव्हन भागात याला 'कॉब' म्हणतात आणि तिथली काही शतकं जुनी कॉबची घरं आजही राहती आहेत. पण त्यासाठी डेव्हनला जायची गरज नाही. आंबेगावातून वाहत जाणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावला जाते. तिथे डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी घरं सापडली. त्यांच्याही भिंती मातीच्याच होत्या.

इंटरनेटवर मिश्रणाचं प्रमाण शोधलं की दहा ठिकाणी दहा आकडे मिळतात, कारण प्रत्येकाची माती वेगळी. आपली माती आपणच तपासायची. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्यायची, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि जोरात हलवून ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, त्यावर गाळ आणि सगळ्यात शेवटी, दिवसभरानं, चिकणमाती. चिकणमाती म्हणजे डिंक. ती कमी पडली तर भिंत भुरभुरते, जास्त झाली तर सुकताना तडकते. म्हणून शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही. ती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे.

आमच्या ढिगाच्या तीन नमुना विटा केल्या: नुसती माती, मातीइतकीच क्रश सँड, आणि दुप्पट क्रश सँड. आठ दिवसांनी पहिलीला भेग पडली, तिसरीचे कोपरे बोटानं निघाले, मधली टिकली. घमेल्याला घमेलं, हे आमच्या ढिगाचं प्रमाण. तुमच्या ढिगाचं दुसरं असेल.

माती रात्रभर भिजवायची. सकाळी ताडपत्रीवर माती आणि क्रश सँड पसरून अनवाणी तुडवायचं, दोघांनी ताडपत्रीची टोकं धरून गोळा उलटवायचा, पुन्हा तुडवायचं. काड अगदी शेवटी. काडाचं काम ताण सोसायचं आणि भेगा आवरायचं. गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकला तर पसरायला नको आणि फुटायलाही नको. एका वेळी फूट-दीड फूटच भिंत चढवायची. तो थर घट्ट झाल्याशिवाय पुढचा नाही, नाहीतर खालचा पोट काढतो.

दहा बाय दहाची खोली, दीड फूट जाडीची, आठ फूट उंचीची भिंत. दार-खिडकी वजा करून पाच ब्रासच्या थोडं वर भरतं, वजन साधारण पंचवीस टन. एवढं सगळं पायाखालून जायचं आहे, हे कागदावर मांडलं तेव्हा मला जिमची मेंबरशिप बंद करायला हरकत दिसली नाही.

आईला मात्र एकच प्रश्न होता. "सारवायला कोण येणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मातीच्या घराबद्दल गारवा, वास, निसर्ग असं पुष्कळ लिहिलं जातं. त्या घराची जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी शेणानं सारवावी लागायची, पावसाळ्याआधी भिंती लिंपाव्या लागायच्या, आणि हे करणारे हात बहुतेक बायकांचे असायचे. आईनं ते लग्नानंतर वीस वर्षं केलं. तिला फरशी हवी होती ती मिरवायला नाही, गुडघ्यांसाठी.

दुसरी भीती किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं गेली आणि मातीचं घर म्हणजे मरण, हे महाराष्ट्राच्या डोक्यात बसलं. तिथल्या भिंती मुख्यतः मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या आणि डोक्यावर जाड मातीचं माळवद होतं. म्हणून आम्ही छप्पर हलकं घेतलं आणि भिंतीत दगड घातले नाहीत. भीती पूर्ण गेली असं नाही.

सरकारी मोजणीत मातीची भिंत 'कच्ची' धरतात. एका अर्थी ते खरंच आहे. न भाजलेली माती कधीच पक्की होत नाही. पडलेल्या भिंतीचा ढीग भिजवला की पुन्हा चिखल होतो आणि पुन्हा भिंत होते. सिमेंटचं तसं होत नाही. पण कच्च्या भिंतीला दरवर्षी कुणीतरी लागतं. आमची मागची भिंत पावसानं पडली म्हणतात. मला वाटतं, सगळे पुण्याला निघून गेल्यावर तिच्याकडे पाहायला कुणी उरलं नाही, म्हणून ती पडली.

म्हणून खोली आईच्या अटींवर बांधली जाते आहे. जोतं दगडी, दोन फूट उंच. वळचण लांब, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील. बाहेरून चुन्याचा गिलावा. सिमेंटचा नाही, कारण सिमेंटखाली ओल अडकते आणि भिंत आतून सुटते. खाली शहाबादी फरशी. आणि दरवर्षी दिवाळीआधी भेगा लिंपायच्या, चुना मारायचा, ती पाळी माझी आणि चुलतभावाची.

हे शेवटचं आईनं तोंडी मान्य केलं नाही. फॅमिली ग्रुपवर दोघांकडून लिहून घेतलं आणि मेसेज पिन करून ठेवला.